मागचे केस

भुताशिवाय माणूस कसा घाबरवायचा ते मला विचारा. पोलादपुरात मास्तर होतो तेव्हा मुंबईहून एक परदेशी कॅसेट आणली होती. सोमवारी सुदामचं सलून बंद, म्हणून शाळा सुटल्यावर त्यालाच घरी बोलावलं. पिक्चरमध्ये एक माणूस पाठमोरा बसून जेवतो आणि त्याच्या मागच्या केसांत हळूच एक डोळा उघडतो. इकडेतिकडे बघतो, मिटतो. बस.

सुदाम हसला. "याला काय घाबरायचं, मास्तर? भूत नाय, काय नाय."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खुर्चीत बसलो. त्याने पुढचे केस कापले, कानावरचे कापले आणि फडकं झटकलं.

"अरे, मागचे राहिले."

"राहू देत. बरे दिसतात."

"बरे कसले? काप."

कात्री ठेवून तो दाराशी जाऊन उभा राहिला. "आज नाय, मास्तर. आणि उठताना माझ्याकडं पाठ नका करू."

ते केस महिनाभर माझ्या मानेवर रुळत होते. हेडमास्तरांनी दोनदा टोकलं, तरी मी दुसरीकडे जाऊन कापून घेतले नाहीत. मिळालेलं पदक कोणी कापून टाकतं का?