कमान माझ्याच मापाची

अणदूरपासनं आत वळलं की दीड कोसावर आमचं गाव, आन् गावात मुलाण्याचं घर कुठलं म्हणून इचारलं तर शेंबडं पोर बी दाखवंल, तेच आमचं. अब्बा गावाची बकरी कापायचे, उरलेल्या दिसांत दुसऱ्याच्या रानात राबायचे, आमचं बी तीन एकर व्हतं पण समदा खडक, नांगर घातला की फाळच वाकायचा. घरात आमी आमची दख्खनी बोलायचो, गावात मराठी, आन् पुढं रस्त्यावर आलो तवा शिव्या शिकलो, तिन्ही भाषा मला चांगल्या येत्यात. तर काय सांगू तुमाला ताई, त्या खडकातनं सुटायला म्या जो रस्त्याला लागलो, तो तीस वर्सं झाली तरी रस्त्यावरच हाय.

लोक इचारतात, इलाहीभाई, तुमचं काम काय? म्या म्हणतो, बांबू धरतो. लोक हसतात. तुमी बी हसलाच की आत्ता, हसा. खाणीत चालतात ते डंपर कधी बघितलेत का तुमी? आपल्या रस्त्यावरचे न्हवं, खाणीतले. त्याचं एक चाक माझ्या घराच्या वर जातं. बोटीतनं बंदरावर उतरतात, आन् तिथनं तेलंगणातल्या कोळशाच्या खाणीपर्यंत न्यायचे. चालवत न्यायचे तर रस्ता फुटंल, म्हणून सुटे करायचे, चाकं येगळी, हौदा येगळा, आन् मधला सांगाडा एका लांबलचक ट्रेलरवर. त्या ट्रेलरला इतकी चाकं की मोजता मोजता माणूस चुकतो. त्यो चालतो माणसाच्या चालीनं, कुठं कुठं त्याच्याबी खाली. गाव आलं, शहर आलं की म्या जीपमधनं उतरायचं आन् बांबू उभा धरून फुडं चालायचं. बांबूला फुटाफुटावर लाल पट्टे. मालाची उंची कागदावर बघायची, तेवढे पट्टे मोजायचे, वर एक वीत सोडायची आन् तिथं फडकं बांधायचं. तार आली, फांदी आली, कमान आली, खालनं फडकं गेलं की माल जातो, फडकं अडलं की शिट्टी मारायची आन् समद्यांनी थांबायचं. ती वीत सोडायची ही आमच्या कामाची रीत. ती वीत हाय म्हणून माणसं जित्ती हाईत.

आता वैताग कशाचा तर समद्याचाच. तार हाय वीजवाल्यांची, झाड हाय वनखात्याचं, रस्ता हाय बांधकामवाल्यांचा, कमान ग्रामपंचायतीची, आन् ह्यो म्हणतो त्याला इचारा, त्यो म्हणतो साहेब मीटिंगला गेल्यात. सूर्य मावळला की गाडी उभी, तसा नियम हाय. सणाला उभी, मंत्री येणार म्हणून उभी. आमच्या अणदूरचा खंडोबा दरसाल नळदुर्गाला जातो आन् फिरून येतो, दोन्ही गावची माणसं लिखापढी करतात, देव पालखीत बसतो, निघतो, पोचतो. देवाला जमतं, आमाला न्हाय. आन् वरनं लोक. गाडी थांबली की फोटो काढायला टायरवर चढतात, काका ह्यात काय हाय, काका हे विमान हाय का? एकदा एका आजोबांनी मला इचारलं, ह्यो घेऊन तुमी कुठं पळून चाललाय? म्या म्हणलं, आजोबा, ह्याला घेऊन पळता आलं असतं तर घरी न्हेला असता.

घरी म्या वर्सातनं किती दिस असायचो, ते न इचारलेलं बरं. माझी घरवाली जैतून म्हणायची, तुमाला समद्या देशाचा रस्ता म्हाईत हाय, एक घराचा तेवढा न्हाय. रेश्मा माझी एकुलती लेक. ती कधी चालाय लागली, कधी शाळंत गेली, म्या फोनवरच ऐकलं. लगीन झालं तवा तेवढा हजर व्हतो. मंग ती पहिल्या बाळंतपणाला घरी आली, नववा लागला, आन् जैतूननं फोनवर सांगितलं, ह्या टायमाला बाप गावात पायजे, न्हायतर पुन्हा तोंड दाखवू नका. नेमका तवाच म्या माल घेऊन सोलापूर सोडलेला.

आता माझी चूक ऐका. फुडं हमरस्त्यावर एका पुलाखालनं आमचा माल जाईना, वळसा घ्यायचा व्हता. वळशाला दोन वाटा व्हत्या. एक लांबची, मोकळी. दुसरी आमच्या गावावरनं. कंपनीचा साहेब नकाशा घेऊन बसला, म्या म्हणलं, साहेब, गावावरनं काढू, मधी फकस्त एक कमान हाय आन् ती माझ्याच मापाची हाय. खरंच व्हतं ते. कमान बांधली तवा सरपंच कुसुमताईंनी मलाच बोलावलं व्हतं, म्हणल्या, इलाहीभाई, तुमी देशभर कमानी बघता, हिची उंची तुमीच सांगा. म्या बांबू उभा केला, वरचा इसावा पट्टा बोटानं दावला आन् नामदेव गवंड्याला म्हणलं, तिथं. नामदेवनं तिथं स्लॅब टाकला. सिमेंटमधी गावाचं नाव, दोन बाजूला दोन मोर. तर मला वाटलं, घर बी गाठतो, आन् आपल्या गावानं आपलं काम बी बघावं. आयुष्यभर बांबू धरला, एकदा गावानं बघावं, येवढीच हाव.

त्या दिशी सकाळी म्या नवा सदरा घातला. समदं गाव दोन्ही बाजूला, शाळा सुटल्यागत. बलबीर म्हणून पंजाबी डायवर, लई सबुरीचा माणूस. ट्रेलर खाली बसवता येतो तेवढा बसवलेला. म्या बांबू घेऊन कमानीखालनं गेलो, फडकं स्लॅबला जरासं घासलं पण गेलं. म्या मागं वळून हात केला, आने दो. आला. आला, आला, आन् वरनं असा करकर आवाज आला की म्या शिट्टी फुकतच मागं पळालो. सांगाड्याचं कपाळ स्लॅबच्या पोटात जाऊन बसलं. मागं घ्यावा तर वर भेग वाढतीय, फुडं घ्यावा तर खांब हलतंय. इंजिनेर आला, म्हणाला, हलवू नका, कमान मालावर यील. हवा काढा म्हणलं तर म्हणाला, येवढ्या वजनाखाली टायर फाटतील. मंग काय करायचं? म्हणाला, कळवतो.

आठ दिस त्यो कळवत व्हता. दवाखान्याकडनं गावात यायला जवळचा येकच रस्ता, पलीकडनं फिरून यायचं तर तासाभराचा वळसा, आन् त्योच माझ्या मालानं बुजवलेला. दुधाचा टेम्पो बाहेर, शाळंची गाडी बाहेर, माणसं खांब आन् टायर ह्यांच्या मधनं अंग चोरून जायची. कुसुमताई म्हणायच्या, कमानीला हात लावू देणार न्हाय, गावानं स्वता राबून बांधलीय. चाकांखालचा रस्ता खांदून माल खाली घ्यावा तर बांधकामवाल्यांचा साहेब म्हणाला, लेखी परवानगी आणा. ग्रामपंचायत म्हणती तालुक्याला जा, तालुका म्हणतो जिल्ह्याला जा. आन् समद्यांनी धरला कुणाला, तर नामदेव गवंड्याला. स्लॅब खाली टाकला, सिमेंट खाल्लं, दारू पिऊन बांधली, जो यील त्यो त्याला बोलायचा. नामदेव माळकरी माणूस, चहासुदिक पीत न्हाय. त्यो येकदाच माझ्याकडं आला, म्हणाला, इलाहीभाई, तुमी बोट दावलं तिथंच टाकला की वं म्या. म्या म्हणलं, मंग माझा बांबू खालनं कसा गेला? मान खाली घालून गेला बिचारा. आन् मला तवा आपलंच खरं वाटलं, हे बी लिहा.

माझं घर तिथनं दोनशे पावलं. दिसतंय, पण जाता यीना, कारण उभा माल सोडून बांबूवाल्यानं हलायचं न्हाय, ती बी रीतच. जैतून डबा धाडायची, वर निरोप, आता घर बी लांबनंच बघा.

नवव्या दिशी सकाळी, ऊन वर आल्यावर, जैतून पळत आली. रेश्माच्या पोटात कळा. रुग्णवाहिका आली, पर कमानीच्या पल्याड, आन् लेक अल्याड. खांबाच्या आन् टायरच्या मधी म्या बांबू आडवा धरून बघितला, हाडकुळा माणूस जाईल, माझी लेक न्हाय जायची. ट्रेलरच्या खालनं सरपटत न्यावी का? तसली बाई? माझं डोकंच चालंना. तीस वर्सं म्या ह्यो रस्ता सोडा, त्यो रस्ता सोडा म्हणून वरडलो, आन् माझ्या लेकीचा रस्ता मीच धरून बसलेलो.

कुसुमताई म्हणल्या, बाज आणा. नामदेवनं घरनं बाज आणली. रेश्माला तिच्यावर निजवली, चौघांनी चार पाय धरले, त्यात येक नामदेव, येक बलबीर, आन् तुरीच्या रानातनं निघाले. माल तिथंच टाकून म्या निघालो, पैल्यांदा. फुडं कोण चालणार? म्याच. बाभळीची फांदी आली, बांबूनं वर धरली. काटेरी तारंचं कुंपण आलं, वरची तार बांबूनं उचलली, खालच्या तारंवर पाय दिला, बाज मधनं काढली. लेक वरडत व्हती, अब्बा, हळू. आन् म्या तार उचलून धरलेली तवा माझी नजर खाली गेली. बांबूचा पैला लाल पट्टा माझ्या पोटरीला असायचा. त्यो घोट्यावर आलेला.

ताई, बांबू रस्त्यावर आपटून आपटून खालनं फुटतो. फुटला की कोयत्यानं तासायचा, फुडं चालायचं. बारा वर्सं म्या त्यो तासत आलो, आज दोन बोटं, उद्या दोन बोटं. वीतभर गेला बांबू. माझं काम वर बघायचं, म्या वरच बघत चाललो, खाली कधी बघितलंच न्हाय. कमान बी त्याच आखूड बांबूनं मापली, मालाची उंची कागदावरची खरी, पण फडकं ह्याच बांबूच्या पट्ट्यांवर बांधलेलं, वीतभर खाली, मंग फडकं जाणार न्हाय तर काय. ती जी जीव वाचवायची वीत, ती बांबूनं कवाच खाल्ली व्हती.

रुग्णवाहिका गेली, जैतून संगं गेली. म्या कमानीपाशी आलो आन् गावासमोर बांबू आडवा टाकला, टेप लावला, म्हणलं, बघा. नामदेवची चूक न्हाय, माझी हाय. शरमेनं मेल्यावानी झालो व्हतो. कुसुमताई म्हणल्या, आठ दिस त्या माणसाला आमी काय काय बोललो, आन् तुमी ऐकत बसला व्हय? म्या म्हणलं, व्हय. मंग त्या गावाकडं वळल्या आन् म्हणल्या, टिकाव आणा, रस्ता खांदा. ग्रामसेवक म्हणाला, परवानगी? त्या म्हणल्या, तुरीच्या रानातनं बाज न्हेली, तिची घेतलेली का परवानगी?

पैला टिकाव नामदेवनं मारला. दुसरा म्या. ट्रेलरच्या चाकांची एकेक रांग उचलायची, खालचं डांबर काढायचं, रांग टेकवायची, असं करत दुपार कलली आन् मंग त्यो सांगाडा स्लॅबच्या पोटातनं असा सुटला की मोराचं येक पीससुदिक पडलं न्हाय. तेवढ्यात जैतूनचा फोन. पोरगी झाली, दोघी बऱ्या हाईत. म्या तिथंच त्या खड्ड्यात बसलो आन् रडलो, बलबीर मला पाणी पाजीत व्हता.

खड्डा पुढं गावानंच बुजवला. बिनपरवाना रस्ता खांदल्याची नोटीस मातर टायमात आली, तेवढं आमच्याकडं येळंवर येतं.

आता कंपनीनं लोखंडी काठी दिलीय, रोज सकाळी ती म्या टेपनं मापतो, कुणी हसलं तर हसलं. जुना बांबू घरात कोपऱ्यात उभा हाय. आयेशा, माझी नात, तीन वर्साची झाली. आजोळी आली की बांबूला पाठ लावून उभी राहती, नाना, मी किती झाले? त्या बांबूवर ती वीतभर जास्तच भरती. नामदेव कधीमधी चहाच्या येळंला येतो, चहा पीत न्हाय पण येतो, म्हणतो, इलाहीभाई, टेपनं मोजा की. म्या म्हणतो, हिला राहू दे तसंच. अल्ला तिला उंच करो, आन् तिच्या वाटंतल्या कमानी दुसऱ्या कुणी तरी मापलेल्या असोत.