निळ्या ओठांचं कारण

स्वातंत्र्याच्या आधी धुळ्याला एका इस्पितळात मी नवाच डॉक्टर होतो, तेव्हाचं सांगतो. शिंदखेड्याच्या सुकदेव आबांचा मुलगा आमच्याकडेच वारला. जन्मापासून ओठ निळे. शवविच्छेदनाला तेव्हा कुणी तयार होत नसे, पण आबा स्वतःहून म्हणाले, "पाही ल्या, काय व्हतं ते."

पाहिलं. अंगातलं काळं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर उजव्याऐवजी डाव्या कप्प्यात उघडत होती. ते शुद्ध न होताच पुन्हा अंगभर जायचं. आबांना तसं समजावलं.

"म्हंजे सापडनं?"

"सापडलं."

त्यांनी बायकोला आत बोलावलं. तिच्या कडेवरच्या धाकटीचे ओठही तसेच होते.

"मंग हिले बरी करा."

"आबा, याच्यावर अजून कुठंच इलाज नाही."

आबांनी धाकटीला आपल्या कडेवर घेतलं.

"हिनासाठेच तं तो तुमना हातमा दिधा."