पायाळू

न्हाई, हिचे पाय बांधणार न्हाई मी. तुज्या आईला सांग, गिरिजाबाई न्हाई म्हणती. दे ते फडकं हिकडं, माज्या मांडीखाली घालती, म्हंजे विषयच संपला. — अगं, तुला बी मीच बांधलेलं, ह्याच न्हाणीत, ह्याच पाटावर बसून. तुज्या आईला, विजयमालाबाईंना, सगळं ध्यानात हाय, म्हणून तर सकाळधरनं स्वयंपाकघरातनं वरडायल्यात — पाय ताणून बांधा, पाय सरळ झाले पायजेत. सरळ! चाळीस वर्सं ह्या बाळीवेशीत मी लेकरांचे पाय सरळ करत हिंडले, अंकिता. नावच होतं माजं तसं. गिरिजाबाईनं बांधलेलं लेकरू रडत न्हाई, म्हणायचे. व्हय, न्हाईच रडायचं. हात बांध की हिचे, हात बांधले तर चालतंय, दचकत न्हाईत लेकरं. पाय मोकळे ठेव. बेडकागत पडली तर पडू दे.

का म्हणतीस? सांगती. तेल जिरू दे तवर, पाणी बी कडक हाय अजून. — मागच्या बोळातली महेश्वरी ठाऊक हाय ना, चन्नवीरअण्णांची नात, शाळेत शिकवती ती? व्हय, तीच, झुकून चालायची ती. तुज्यापरास तीन वर्सांनी ल्हान. ती बी हिच्यागत पायाळू, पायाकडनं आलेली. हिला शिझर करून काढली म्हणून काय झालं, पोटात पाय खालीच होते की. तुजी आई मला पयल्या दिवशीच म्हणाली, पायाळू नात हाय, आता पाठीत उसण भरली की हिच्याकडनंच लाथ घालून घेणार. मी हसले. काय करणार मग, हसले.

तर महेश्वरी. बाराव्या का तेराव्या दिवशी असंच पायावर घेतलेलं तिला, तेल लावून झालेलं, आन डावी मांडी बाहेरच्या अंगाला उघडली — तर बोटाखाली कट् झालं. कानाला न्हाई ऐकू आलं, बोटाला कळलं. जणू काय तरी घसरलं आन परत आत बसलं. परत केलं, परत कट्. उजव्या पायाला न्हाई, डाव्यालाच. दारात तिची आज्जी सावित्रम्मा टॉवेल घेऊन उभी. काय झालं म्हणून इचारलं तिनं, माजं तोंड बगून. मी म्हणलं, काय न्हाई, ग्यास हाय पोटात.

आता तू म्हणशील, सांगितलं का न्हाई. अगं, सांगायचं कसं? त्याच्या आदल्याच म्हयन्यात एका घरी लेकराच्या खांद्याला सूज आली, तर गिरिजाबाईचा हात लागला म्हणून सगळ्या पेठेत झालं. ते बाळंतपणातच झालेलं, नंतर डॉक्टरनीच सांगितलं, पण तवर तीन घरं सुटली माजी. आन सावित्रम्माचं तोंड तुला ठाऊक न्हाई, ती सोडती व्हय मला? मालिशवालीनं नातीची मांडी मोडली म्हणली असती. म्हणून मी — काय केलं सांगू? अजून घट्ट बांधलं. दोन्ही पाय जोडून, गुडघे सरळ करून, वरनं आणखी एक पट्टी. कट् होऊ नये म्हणून. आन झालं की बंद! पंधरा-वीस दिसांनी उघडून बगितलं, काय न्हाई. मला वाटलं बसलं जागेवर, माज्या हातानं बसलं. सिद्धेश्वराला नारळ फोडून आले मी. 

मान धर तिची, घसरती. हां, अशी.

पोरगी चालायला लागली ती जरा उशिरा. कुणाला काय वाटलं न्हाई, पोरी चालत्यात उशिरा बी. सात वर्सांची असंल, शेजारच्या शरणबसवच्या पाठीत उसण भरली. तो ओसरीवर पालथा पडलेला, आन महेश्वरीला बोलावलं, पायाळू म्हणून. तीन लाथा घालायच्या, हळूच. आमी सगळ्या बाया बगत उभ्या. तिनं उजवा पाय उचलला — म्हंजे डाव्यावर उभी राहिली — तर कंबर उजवीकडं खाली गेली, अंग डावीकडं कलंडलं, आन पोरगी धपकन त्याच्या पाठीवरच पडली. सगळे पोट धरून हसले. शरणबसव म्हणाला, उसण गेली, पण बरगडी गेली. मी बी हसले. हसता हसता मला कळलं, कुटला पाय ते. अगं, तवा बी सांगता आलं असतं की! सात वर्सांचीच होती. घरी जाऊन भाकरी थापली मी, जेवले, झोपले. झोप बी लागली.

मग काय, शिकली, मास्तरीण झाली. दिवसभर फळ्याम्होरं उभं राहायचं, जांघेत दुखायचं, गोळ्या खायची. मागच्या वर्षी पार जिना चढंना तवा पुण्याला नेली. तितं कळलं. कमरेच्या हाडाला वाटी असती म्हणे, आन मांडीच्या हाडाला वर गोळा. तिची वाटी उथळ राहिलेली. गोळा अर्धा बाहेरच, चोवीस वर्सं काठावर घासत हुता. मग ती वाटी चारी बाजूनं कापून सोडवली, फिरवून गोळ्यावर झाकली, आन स्क्रू मारले. चार. मी बगितलेत, तिनंच एक्सरे दाखवला मला, खिडकीला धरून. एवढे एवढे लांब गं, आपल्या दाराच्या चौकटीला सुतार मारतो तसले. आटे सुद्दा मोजता येत हुते. पोरगी हसत दाखवत हुती, आन मला ते आपल्याच अंगात कुणी तरी पिळून बसवल्यागत झालं.

मी का गेले म्हणतीस? बोलावलंच मला. तिची आई म्हणाली, गिरिजाबाई, तिला तुमीच वाढवली, पायाला तेल लावून द्या. गेले. पण पोरीनं हात लावू दिला न्हाई, डॉक्टरनी चोळायला न्हाई सांगितलंय म्हणाली. बरंच झालं. मी नुसती बसून बगत हुते. फरशीवर वजनकाटा ठेवलेला, शेजारी तेवढ्याच उंचीची फळी. उजवा पाय फळीवर, डावा काट्यावर, काखेत कुबड्या. डावा पाय दाबत जायचं, आन काटा पंधरावर आला की थांबायचं. पंधराच किलो, जास्त भार दिला तर स्क्रू ढिले होत्यात म्हणे, हाड भरून येईपतूर. एवढी मोठी बाई, आन पाय किती टेकायचा ते भाजी जोखल्यागत शिकायली. घाम आलेला कपाळाला. माज्याकडं बगून म्हणाली, आजी, माझं चालणं आता पयल्यापासनं सुरू.

मग तिनं मला समजावून सांगितलं, मास्तरीणच की. हे जन्मापासूनच असतं म्हणाली, पायाळू लेकरांत जास्त, पोरींत जास्त, कुणाची चूक नसती. कुणाची चूक नसती — मला असं बरं वाटलं म्हणून सांगू! आन पुढं म्हणाली, फकस्त पाय असे ताणून बांधायचे नसतात, आन पयल्या म्हयन्यात कळलं तर नुसते पट्टे. पाय फाकवून ठेवणारे पट्टे, दोन-तीन म्हयनं, बास. ना कापाकापी, ना स्क्रू. आन मग तिनं माज्या डोळ्यांत बगून इचारलं, "आजी, तुम्ही रोज आंघोळ घालायचात मला. तुमच्या हाताला कधी काही लागलं नव्हतं का?"

मी म्हणलं, "न्हाई बाई. मला अडाणीला काय कळतंय."

एवढं बोलले. आन तिच्या आईनं मला साडी नेसवली, हिरवी, काठाची. पाया पडायला लावलं पोरीला — वाकता येत नव्हतं तर कुबडीवरनंच हात जोडले तिनं. ती साडी घडीसकट पेटीत हाय. कुणाला देता येत न्हाई, अंगाला लावता येत न्हाई.

आता आपरेशनला पाच म्हयनं झाले. कुबड्या सुटल्या, काठी सुटली, हाड भरलं. पण चाल अजून यायची हाय. डावा पाय टेकला की खांदा डावीकडं पडतोय तसाच. दुखत न्हाई आता, पण सवय. चोवीस वर्सं अंगानं सांभाळून घेतलेलं, ते एकदम कसं सोडंल? ती फिजिओवाली म्हणती, मांडीच्या बाजूची शीर बळकट झाली पायजे, आरशात बगून चाल. म्हणून रोज संध्याकाळी ती बोळात येती, भिंतीला हात न लावता डाव्या पायावर उभी राहती आन आकडे मोजती. मोठ्यानं, मास्तरणीच्या आवाजात. माजं दार तितंच. अकरा, बारा, तेरा — मग पाय टेकतोय. परत एकपासनं. मी दार लावून घेती. लाज वाटती गं. आत बसून बी ऐकू येतंय, आन मी बी मोजती तिच्याबरोबर.

म्हणून बांधत न्हाई. तेवढंच. — न्हाई न्हाई, हिला काय झालंय? उगा घाबरू नगंस. बाळसं बग कसं धरलंय. दूध पिती ना? मग झालं. पाणी बग जरा, कोमट — काय? मला काय होतंय, मी बरी हाय. वाफ लागली डोळ्याला.

रोज आंघोळीआधी मी हिची मांडी काय उघडून बगती, ते बगतीस व्हय तू. मला वाटलं तुजं ध्यान न्हाई.

थांब. पाणी वतू नगंस.

अंकिता, ऐक. हिची बी डावीच मांडी, तसंच कट्. न्हाई, करून दाखवत न्हाई तुला, सारखं करायचं नसतंय ते. मीच केलंय रोज, खरं का खोटं म्हणून, आज न्हाई होणार, उद्या न्हाई होणार म्हणून. म्हणलं, पायाळू हाय म्हणून माज्याच मनाचा खेळ असंल. म्हणलं, विजयमालाबाई काय म्हणतील. ह्या वयात, एवढं सगळं बगून, परत तेच मनात आलं माज्या. महेश्वरीची एवढी गोष्ट सांगितली तुला, आन ही तेवढी मागं ठेवत हुते.

रडू नगंस. अगं, अठरा दिसांची हाय, येळ हाय. पट्ट्याचीच गोष्ट हाय ही, स्क्रूची न्हाई. तेल पूस तिचं, मऊ फडकं घे, आन पाय तसेच फाकलेले ठेवून कडेवर घे. हाडाच्या डॉक्टरकडं जा, लेकरांच्या. सोनोग्राफी करत्यात म्हणे, लेकराला काय दुखत न्हाई. आईला मी सांगती आत जाऊन. काय म्हणायचं ते म्हणू देत मला. तू रिक्षा बोलव.

आन डॉक्टरनी इचारलं ना, कुणाच्या ध्यानात आलं, तर माजं नाव सांग. कदीपासनं म्हणून इचारलं, तर आज म्हणू नगंस. चार दिवस झाले म्हण. गिरिजाबाईला चार दिवस ठाऊक हुतं म्हण. जा आता.