पहाटेचा खोकला

आई : नाही, सिस्टर. हे यंत्र मी देणार नाही.

सिस्टर : अहो काकू, काकांना जाऊन महिना उलटला. आता कुणाचा खोकला ऐकायचाय त्यानं? दुसऱ्या एखाद्या पेशंटच्या उशाशी लावता येईल.

आई : काका गेले हे तुम्ही म्हणता. यंत्राला विचारा. हा घ्या माझा फोन, आज सकाळचाच निरोप आहे.

सिस्टर : "रुग्णाचा खोकला पहाटे ऐकू आला. कालपेक्षा जास्त." हे कसं शक्य आहे?

आई : रोज येतो. या आठवड्यात तर वाढलाय. म्हटलं, रमले वाटतं घरात पुन्हा.

मुलगा : आई, पुरे ना. सिस्टर, घेऊन जा ते डबडं. डोकं फिरवलंय तिचं.

आई : तू गप्प बस. रात्रपाळी करतोस, घरात काय चाललंय ते तुला काय ठाऊक?

सिस्टर : शेजारच्यांचा असेल, काकू. भिंत पातळ आहे.

आई : मला काय खुळी समजता? मी स्वतः खोकून पाहिलं, "दुसरी व्यक्ती" म्हणालं. शेजारचे भाऊजी बिचारे घसा फाटेस्तोवर खोकले, तरी "दुसरी व्यक्ती". तुम्हीच म्हणाला होतात ना, वर्षभर ऐकून ते यांचा खोकला शिकलंय, लाखात ओळखेल म्हणून?

सिस्टर : म्हणाले होते खरी. काकांच्या खोलीत झोपतं कोण?

आई : कुणी नाही. दार लावलेलं असतं. मी झोपेची गोळी घेऊन इथं बाहेरच्या खोलीत झोपते, ती एकदम उजाडल्यावर उठते. हा पहाटे येतो, स्वयंपाकघरात अंग टाकतो.

सिस्टर : खरं का रे?

मुलगा : हो.

सिस्टर : माझ्याकडे बघून सांग.

मुलगा : बाबांच्या खाटेवर झोपतो. उशीला अजून त्यांच्या तेलाचा वास येतो, बरं वाटतं. आईला कळलं तर रडत बसेल, म्हणून ती उठायच्या आत बाहेर येतो.

सिस्टर : आणि खोकतोस?

मुलगा : गिरणीतलं पीठ जातं नाकातोंडात. सगळेच खोकतात तिथं.

सिस्टर : एकदा यंत्रापुढे खोक बघू.

मुलगा : काही नको.

आई : खोक रे.

(तो खोकतो. थांबता थांबत नाही. सिस्टरच्या हातातला फोन वाजतो. ती तो आईपुढे धरते.)

आई : "रुग्णाचा खोकला" म्हणतंय. म्हणजे यांचाच!

सिस्टर : बापलेकांचा खोकला सारखाच निघाला, यंत्र फसलं. छातीत तोच क्षय असू शकतो, काकू. आजच तपासू. काकांचं फार उशिरा कळलं होतं. याचं वेळेत कळलंय, बरा होईल.

आई : ताप येतो का रे तुला?

मुलगा : संध्याकाळचा. थोडा.

आई : अगं आई गं! आणि मी रोज फोन उघडून खूश होत होते. खोकला वाढला की देवापुढे हात जोडत होते मी!

मुलगा : रडू नकोस ना. म्हणूनच बोललो नाही. एकदा पाहिलंयस तू सगळं.

आई : गाढवा, पुन्हा पाहायला लागू नये म्हणून तर सांगायचं असतं! सिस्टर, यंत्र राहू द्या. याच्यासाठी लावा.

सिस्टर : लावते. पण याला शिकवायचं तर काकांचं आधी पुसावं लागेल.

आई : खोकलासुद्धा?

सिस्टर : सगळंच.

आई : पुसा. लेकासाठी म्हटल्यावर ते काही बोलायचे नाहीत.