पावलाखालची काडी

कार्मेला : तिथे नको, मावशी! पाय मागे घे. तुझ्या टाचेशेजारीच पाऊल उमटलंय.

एर्लिंडा : अगं बाई! हे? एवढंसं?

कार्मेला : दोन-तीन वर्षांचं असेल पोर. ही मोठी पावलं आईची. मागे बघ, तिथे नुसती आईचीच आहेत. डावं जरा जास्त रुतलंय.

एर्लिंडा : कडेवर होतं तर. इथे उतरवलं. हात भरून आला असेल बिचारीचा.

कार्मेला : आई की मोठी बहीण, कोण जाणे. आम्ही संशोधक आई म्हणतो.

एर्लिंडा : बरं, या कोरड्या तळ्यात भर उन्हात कशाला आणलंस मला? आपल्या जमातीच्या पंचांनी सांगितलंय, कार्मेला काय म्हणते ते बघ आणि हो किंवा नाही सांगून ये. बोल.

कार्मेला : पोराच्या पावलाखाली जळकी काडी आहे. ते काळं टोक दिसतंय ना? ती काढायची.

एर्लिंडा : मग पाऊल?

कार्मेला : मोडेल.

एर्लिंडा : आणि हे तू मला तोंड वर करून सांगतेस!

कार्मेला : ऐक तर. आधी या पावलांचा काळ मातीतल्या बियांवरून काढला, एकवीस हजार वर्षं निघाली. लोक म्हणाले, पाणगवताच्या बिया या, तळ्याचं पाणी त्यांना उगाच म्हातारं करतं. ही काडी जमिनीवरच्या झाडाची आहे. हिला कोण काय म्हणणार?

एर्लिंडा : आपण पहिल्यापासून इथलेच, हे माझ्या आजीनं मला सांगितलं. तिला नाही लागली काडी.

कार्मेला : मला लागते. सातवीत बाई म्हणाल्या, बर्फ वितळला तेव्हा कुठे अमेरिकेत माणूस आला, तेरा हजार वर्षांपूर्वी. मी उठून म्हटलं, आम्ही त्याच्याही आधीचे. अख्खा वर्ग हसला.

एर्लिंडा : घरी बोलली नाहीस कधी.

कार्मेला : बोलून काय होणार होतं? आणि मावशी, दोन महिन्यांत वारा हे खाऊन टाकणारच आहे. मापं घेतलीत, साचाही काढलाय.

एर्लिंडा : वाऱ्याला काय कळतंय? आपल्याला कळतं. काडी ज्या काळ्या थरात आहे, तो आईच्या पावलाखालीही आहे?

कार्मेला : आहे. पण तिथे काही मिळेलच असं नाही.

एर्लिंडा : तिचं मोड.

कार्मेला : इथे समोर दिसतंय गं! तिचं मोडलं आणि खाली काहीच नसलं तर?

एर्लिंडा : तर नसलं. पोराला हात लावायचा नाही. आई सोसेल. इतक्या लांब उचलून आणलंच ना तिनं त्याला?

(ऊन कलतं. कार्मेला पालथी पडून आईच्या मोडलेल्या पावलाखालची माती ब्रशनं सारते आहे.)

कार्मेला : मावशी... मिळालं. नखाएवढं आहे, पण कोळसाच आहे.

एर्लिंडा : भागेल तेवढ्यात?

कार्मेला : भागावं. नाही भागलं तरी परत विचारणार नाही. चल, गाडीत पाणी आहे.

एर्लिंडा : तू हो पुढे. मी बसते जरा याच्यापाशी. आत्ताच आई गेलीये ना त्याची.