लेल्यांचा समुद्र

तुम्ही आमच्या सोसायटीतल्या लेल्यांना ओळखत नाही, म्हणून असा निवांत चहा पिताय. रिटायर झाल्यापासून हा माणूस सदाशिव पेठेत बसून समुद्राचा वारा कधी सुटणार ते सांगतो. गच्चीवरची पाटीही त्यांचीच: "येथे मासळी वाळवू नये. ही गच्ची आहे, बंदर नव्हे." ती खास आमच्या शेजारच्या शकीलाभाभींसाठी. बिचारीचे पावसाळ्यासाठी आणलेले बोंबील पिशवीतच पडून होते. मी म्हटलं, "भाभी, टाकीमागे पसरा. पुढचं माझ्यावर सोडा."

संध्याकाळी सगळे गच्चीवर जमले. लेले सुरू झाले, "दिवसभर जमीन तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा घुसते. घाट चढून आपल्याकडे बरोबर साडेपाचला!"

"पण लेलेसाहेब, ओळखायची कशी?" मी सातवी नापास, मला विचारायला लाज कसली?

"नाकाने! खारा वास येतो."

झुळूक आली खरी, पण टाकीवरून. लेल्यांनी डोळे मिटून छाती भरून घेतली. "आला! थेट अरबी समुद्र! इतका शुद्ध वास पुण्यात मिळत नाही हो."

"रोज आला तर चालेल?"

"चालेल काय, यायलाच हवा!"

सगळ्यांनी ऐकलं ना, हे बघून मी हाक मारली. भाभी सुपात बोंबील घेऊन टाकीमागून बाहेर आल्या.

"लेलेकाका, तुमचा समुद्र अजून ओला आहे. उद्या परत पसरते."