वरणाची बालटी आभाळात

कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवून नाही राहिलं हो माझ्यावर! अठरा वर्षं झाली शाळेत मध्यान्ह भोजन शिजवून राहिली मी, एक पळी नाही हरवली, अन् आता वरणाची बालटी चेपली तं हेडमास्तर विनायक सर म्हणते, "मालतीबाई, खरं सांगा, कोणी आपटली?" म्हटलं, हेलिकॉप्टरनं! तं हसते तो माणूस... चश्मा काढून पुसते अन् पुन्हा हसते!

तुम्हाले सांगते, सौंसरच्या बाहेर मैदानात पायलट लोकायची स्पर्धा होती. कोण जोरात उडवते, असं नाही बरं! हेलिकॉप्टरले लंबा दोर, दोराले पाण्यानं भरलेली बालटी, खांबाखांबातून वाकडीतिकडी न्यायची अन् स्टुलावर ठेवायची. ज्याचं पाणी सांडलं तो गेला. अन् ऐन टायमाले त्यायच्या बालटीची कडी तुटली! करोडोचं हेलिकॉप्टर आणलं, अन् बालटी एकच? मंग मीच गेली ना शहाणी, शाळेतली घेऊन...

पहिली आली अमृता नावाची पोरगी. काय उडवलं व माय! एक जण दारातून अर्धा बाहेर लोंबकळून दोर धरते, अन् ही आत बसलेली, हिले तं बालटी दिसतही नाही! तरी वळे, थांबे, पुन्हा वळे... बायायचे पदर उडून राहिले, बगिच्यातली संत्री टपटप पडून राहिली, अन् बालटी? झोपलेलं लेकरू खाली ठेवते तशी स्टुलावर टेकवली! पंचायनं पाण्यात मोजपट्टी घालून पाह्यलं, एक थेंब नाही सांडला! मी वरांड्यात दहा पावलं वरण नेते तं पायावर सांडते... डोळ्याले पाणीच आलं बाप्पा माझ्या. ते मात्र सांडलं.

मंग आला एक मिशावाला. पहिल्याच खांबावर... ठण्ण!

"साक्षीदार आणा," सर म्हणते. कुठून आणू? पाचशे माणूस होतं, सारे वर हेलिकॉप्टरकडं तोंड वासून! बालटीकडं पाहणारी मी एकटी. माझा नवरा प्रकाश, मागल्या साली शाळेची लोखंडी घंटा वाजवता वाजवता फोडली यानं, लोखंडाची! तरी मी याच्याच हातात मोबाइल देल्ला. म्हटलं होतं, "बालटी घेजो हो." अन् व्हिडिओ पाहा! अकरा मिनिटं हेलिकॉप्टरचं पोट... दोर लोंबते, लोंबते, अन् बालटीच्या वरच खतम! मले म्हणते कसा, "पंखा किती मस्त फिरून राहिला, पाह्य ना!" म्हटलं, तुह्यं डोस्कं फिरून राहिलं!

आज सरनं कागदच ठेवला समोर. "कोणाचं तरी नाव लिहून द्या, नाहीतर सोमवारपासून स्वयंपाकाला दुसरी बाई."

आता कोणाचं लिहू? त्या पोरीचं? हात झडन माझा! एक थेंब नाही सांडला तिनं! मिशावाल्याचं नाव माहीत नाही. हेलिकॉप्टर लिहिलं तं सर पुन्हा चश्मा पुसन. वाचल्याबरोबर पटलं पाहिजे, असं नाव पाहिजे... चौथीपर्यंत शिकली मी, अक्षर चांगलं आहे. लिहिलं. सरनं वाचलं. हसले नाही, पुसलं नाही. "मला वाटलंच होतं," म्हणे, अन् सही ठोकली.

बालटी कोणी चेपवली? प्रकाश.